संग्रहित छायाचित्र

फोटो मागणारा माणूस फाइलचं नाव कधीच सांगत नाही. रात्री नऊच्या सुमारास डेस्कवरून फोन येतो, "ताई, ऊसतोडीचा एखादा फोटो द्या ना, उभा हवाय, चेहरा दिसला तर बरं." कुणाला सीएसटीचा जुना, पावसातला हवा असतो. पुरवणीवाल्यांना वारीतला हवा असतो, "पण नेहमीचा नको." पान सोडायला तास-दीड तास उरलेला असतो आणि डिस्कवर फायली असतात त्या डीएससी_४४१२ किंवा आयएमजी_०९८७ अशा नावांच्या. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा ०००१ वर येतो, त्यामुळे एकाच नावाचे डझनभर फोटो वेगवेगळ्या फोल्डरांत सापडतात. एक पंढरपूरचा, एक विधानभवनाचा, एक कुणाच्या तरी पुतळ्याच्या अनावरणाचा.

मी ग्रंथालयशास्त्र शिकून एका मराठी दैनिकाच्या फोटो विभागात आले. डेस्कच्या त्या फोनला डिस्कवरच्या नेमक्या फोटोपर्यंत पोचवणं हे माझं काम. म्हणजे प्रत्येक फोटोला शब्द द्यायचे: कुठला, कधीचा, कोण, काय चाललंय. ऐकायला हे कारकुनी वाटतं. मला ते तसं कधीच वाटलं नाही, कारण ज्या फोटोला शब्द नाहीत तो डिस्कवर असूनही नसतो, आणि त्यातली माणसंही नसतात. पुढाऱ्यांचे फोटो कसेही सापडतात. त्यांच्या नावाची फोल्डरंच असतात. हरवतात ती बाकीची.

आधी सगळी नोंद फोटोग्राफरांच्या डोक्यात होती. आमचे सगळ्यात जुने फोटोग्राफर, ज्यांना ऑफिसात सगळे दादा म्हणत, त्यांना फ्रेमच्या कोपऱ्यातलं झाड दाखवलं तरी ते गाव सांगायचे. ते निवृत्तीला आले तेव्हा मी त्यांना दुपारी शेजारी बसवून घ्यायला लागले. ते बोलायचे, मी टाइप करायचे. त्यांची फोल्डरं 'बीड', 'बीड नवीन', 'नवीन २' अशी. त्या नावांमागे काय दडलंय हे फक्त त्यांना माहीत होतं, आणि ते संपूर्ण उतरवून घेणं ही त्या वर्षातली माझी सगळ्यात निकडीची जबाबदारी होती.

शब्द लिहायचे कुठे, हा पहिला प्रश्न. कॅमेरा स्वतःहून काही गोष्टी फोटोच्या पोटात लिहून ठेवतो: तारीख, वेळ, लेन्स, शटर, कधी कधी अक्षांश-रेखांश. हे एक्झिफ, १९९५ मध्ये जपानमध्ये ठरलेलं प्रमाण. पण कॅमेऱ्याला गाव कळत नाही, माणूस कळत नाही. त्यासाठीचे रकाने वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रांच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेने आखून दिले. ती १९६५ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या आद्याक्षरांवरूनच या रकान्यांना आयपीटीसी म्हणतात. मथळा, फोटोओळ, फोटोग्राफर, शहर, कीवर्ड असे ते रकाने. पुढे २००१ मध्ये अडोबीने एक्सएमपी आणलं आणि तीच माहिती युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीतही, नीट राहायला लागली.

इथे एक गोष्ट आमच्या लोकांना वारंवार सांगावी लागते. लाइटरूमसारख्या प्रोग्राममध्ये दिलेले टॅग आधी त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये जातात. फाइलमध्ये लिहायला वेगळं सांगावं लागतं. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलच्या बाबतीत तर ते शेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये बसतात. कुणी नुसती रॉ उचलून पेन ड्राइव्हवर नेली की शब्द मागे राहतात. प्रोग्राम येतात आणि जातात. पिकासा किती घरांत होतं, आणि २०१६ मध्ये ते बंद झालं. जे शब्द फोटोच्या आत आहेत तेवढेच पुढच्या प्रोग्रामला वाचता येतात. म्हणून आमच्याकडे टॅग फाइलमध्ये उतरल्याशिवाय काम झालं असं धरत नाही.

तारखेचं काम सोपं असेल असं वाटलं होतं. स्कॅन केलेल्या निगेटिव्हांनी ते अवघड केलं. स्कॅनर आपली तारीख लिहितो. त्यामुळे १९९३ चा फोटो शोधायला गेलं की रिकामा पडदा, आणि २०११ मध्ये किल्लारी उद्ध्वस्त झालेली. दादांच्या एका रोलचं पाकीट माझ्या नजरेसमोर आहे. वर पेन्सिलीने 'विसर्जन + किल्लारी'. सुरुवातीच्या फ्रेममध्ये २९ सप्टेंबरची अनंत चतुर्दशी, गुलाल, ढोल, ट्रॅक्टरवरचा गणपती. त्याच पट्टीवर, मधे एक कोरी फ्रेम सोडून, ३० तारखेचे ढिगारे. भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. मिरवणुका संपवून माणसं नुकती झोपली होती, हे बातम्यांत आपण वाचलेलं असतं. त्या रोलमध्ये ते एका सलग पट्टीत आहे. स्कॅन करणाऱ्याने विसर्जनाच्या फ्रेम 'गणेशोत्सव' फोल्डरमध्ये आणि बाकीच्या 'भूकंप' फोल्डरमध्ये टाकल्या होत्या. तार्किकदृष्ट्या बरोबरच. मी प्रत्येक फ्रेमला रोलचा क्रमांक आणि फ्रेमचा क्रमांक टॅग म्हणून दिला, मूळ तारीख तारखेच्या रकान्यात भरली, आणि आता रोल मागितला की तो घेतला त्या क्रमाने समोर येतो. फोल्डर एकच असू शकतं, टॅग कितीही. हा सगळा खटाटोप करण्यामागचं कारण इतकं साधं आहे.

गावांची नावं बदलतात आणि शोधणारा त्याच्या तोंडातलं नाव टाइप करतो. १९९६ आधीची व्हीटी मग सीएसटी झाली, २०१७ पासून सीएसएमटी आहे. औरंगाबाद २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद धाराशिव, मग अहमदनगरचं अहिल्यानगर. आमचा नियम असा ठरला: फोटोओळीत फोटो काढला तेव्हाचं नाव, टॅगमध्ये सगळी नावं. टॅगच्या यादीत एका शब्दाला समानार्थी शब्द जोडून ठेवता येतात, म्हणजे दर वेळी पाच नावं टाइप करावी लागत नाहीत. कऱ्हाड आणि कराड हे तर आजही दोन्ही चालू आहे.

वारीने मला सगळ्यात जास्त शिकवलं. दर वर्षी तोच मार्ग, त्याच पताका, तोच दिवेघाट. नुसता 'वारी' हा टॅग दिला तर शोधल्यावर पूर आल्यासारखे फोटो येतात आणि त्या पुरात हवा तो बुडतो. इंग्रजी महिनाही कामाचा नाही. २०२३ मध्ये आषाढी एकादशी २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला. म्हणून आम्ही मुक्काम आणि टप्प्यांवर आलो: सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा स्नान, लोणंद, तरडगाव, फलटण, असं वाखरीपर्यंत. पालखी माउलींची की तुकोबांची, हे वेगळं. रिंगण उभं की गोल, की काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती होतं ते मेंढ्यांचं. चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण मागणाऱ्या उपसंपादकाला गोल रिंगणाचा फोटो दिला तर ज्याने वारी पायी केलीय असा वाचक दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करतो, आणि त्याचा राग रास्त असतो. माणसांनाही भूमिका असतात: विणेकरी, चोपदार, तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया, मृदंगवाला, पाणक्या. 'भाविक' हा शब्द मी टॅगमधून काढूनच टाकला. तो सगळ्यांना लागू पडतो, म्हणून कुणालाच शोधायला उपयोगी पडत नाही. कोरोनाकाळातली २०२० ची वारी मात्र दोन शब्दांत सापडते: 'पादुका' आणि 'एसटी'.

आता देवनागरीचं. हा भाग मला इतरांपेक्षा जास्त सांगावासा वाटतो, कारण मराठीत काम करणाऱ्याला तो कुणी सांगत नाही. जुन्या आयपीटीसी रकान्यात एका कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. युनिकोडमध्ये साठवलेल्या देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे एका कीवर्डमध्ये जेमतेम एकवीस चिन्हं बसतात. 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' बसत नाही. शहराच्या रकान्यात तर ३२ बाइटच आहेत. तिथे 'छत्रपती संभाजीनगर' अर्ध्यात तुटतं. एक्सएमपीत अशी मर्यादा नाही, पण जुना प्रोग्राम जुनाच रकाना वाचतो, म्हणून कुठली फाइल कोण उघडणार हे बघून आखणी करावी लागते. युनिकोडच्या आधीच्या फोटोओळी तर श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांमध्ये टाइप केलेल्या. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसला की पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. ती रूपांतरित करून घेता येतात, पण प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावीच लागते.

आणि मग 'ऱ्य'. एकदा 'शेतकऱ्यांचा मोर्चा' असं शोधलं तर जे फोटो मी स्वतः पाहिलेले होते त्यातले बरेच आलेच नाहीत. टॅग डोळ्यांना अगदी सारखा. शेवटी दोन्ही शब्द एका साध्या प्रोग्राममध्ये सुटे करून पाहिले तेव्हा कळलं. एक कळफलक 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतो. दुसरा साध्या 'र'ला हलन्त लावून मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्हींचा आकार तोच, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. 'ॲम्ब्युलन्स'मधला पहिला स्वरही असाच दोन-तीन प्रकारे उमटतो. म्हणजे कोणत्या उपसंपादकाने कोणत्या कळफलकावर टाइप केलं यावर मोर्चातले निम्मे शेतकरी दिसणार की नाही हे ठरत होतं.

यावरचा उपाय मराठीच्या चालीतूनच निघाला. टॅग नेहमी मूळ रूपात, विभक्ती न लावता, एकवचनात: शेतकरी, वारकरी, पायरी, खोरे. मूळ रूपात 'ऱ्य' येतच नाही. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की त्याचं अंगच बदलतं. घोडा, घोड्याला, घोडे, घोड्यांची. शोधणारा कुठलं रूप टाइप करील याचा भरवसा नाही, म्हणून सगळ्यांना एकच रूप ठाऊक असावं. त्यातूनही 'ऱ्ह' असलेले कऱ्हाड, वऱ्हाड, कुऱ्हाड, कऱ्हा नदी असे थोडे शब्द उरले. त्यांची दोन्ही रूपं यादीत एकमेकांना जोडून ठेवली.

यादी, हाच या कामाचा कणा. सुचेल तसे शब्द देणं आणि यादीतून शब्द देणं यात फार अंतर आहे. एक माणूस 'आंदोलन' लिहितो, दुसरा 'निदर्शने', तिसरा 'मोर्चा', आणि तिघांचे फोटो तीन ठिकाणी. ग्रंथालयशास्त्रात रंगनाथन शिकताना त्यांचं १९३३ चं द्विबिंदू वर्गीकरण मला परीक्षेपुरतं वाटलं होतं. एका विषयाकडे पाच पैलूंनी बघायचं: मुख्य वस्तू किंवा व्यक्ती, पदार्थ, क्रिया, स्थळ, काळ. डिस्कसमोर बसल्यावर कळलं की मद्रासच्या त्या गणिताच्या प्राध्यापकाने माझं काम आधीच विचारात घेऊन ठेवलंय. कुठल्याही फोटोपुढे मी हेच पाच प्रश्न विचारते. क्रिया हा पैलू सगळ्यांत जास्त सुटतो. लोक 'महिला', 'शेत', 'ऊस' लिहितात. ती बाई काय करतेय हे लिहायचं राहतं.

दादांच्या 'बीड नवीन'मधला एक फोटो आहे. एक बाई, साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उसाची मोळी, आणि ती अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढतेय. फळी तिच्या वजनाने वाकलीय. एक पाय पुढे पडलाय, दुसऱ्याची टाच उचललेली. जुनी फोटोओळ: 'ऊसतोड महिला मजूर'. मी दादांना विचारलं, यात काय काय आहे ते सांगा. ते म्हणाले, "मोळी कशाने बांधलीय बघ. वाढ्याने. शर्ट कशाला, तर पाचट कापतं हाताला. आणि ती एकटी नाही, तिचा नवरा ट्रॉलीत आहे, वर हात दिसतोय ना, तो. दोघांचा मिळून एक कोयता." जोडीला कोयता म्हणतात, मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. फोटो बीडच्या फोल्डरात असला तरी बीडचा नव्हता. माणसं बीडची, फड सांगली जिल्ह्यातला. आता त्या फोटोला मोळी, चुंबळ, वाढं, पाचट, फळी, ट्रॉली, भरणी, गळीत हंगाम, स्थलांतर हे सगळं आहे, माणसांचा जिल्हा आणि फोटोचा जिल्हा वेगळा आहे. 'कोयता' शोधलं तर आधी पुण्यात पोलिसांनी पकडलेले कोयते यायचे. आता औजार, गुन्हा आणि ऊसतोडीतली जोडी अशा तीन फांद्यांखाली तो शब्द तीनदा आहे.

त्या बाईचं नाव मात्र दादांना आठवलं नाही. विचारलंच नव्हतं, असं ते म्हणाले. हे फक्त त्यांचं नाही. आपल्या सगळ्या वृत्तपत्रांच्या संग्रहात कष्ट करणारी माणसं बिननावाची आहेत आणि फीत कापणाऱ्यांची नावं डावीकडून उजवीकडे आहेत.

सारा शॅटफर्ड यांनी १९८६ मध्ये चित्रांच्या विषयांवर एक लेख लिहिला. चित्र कशाचं आहे आणि चित्र कशाविषयी आहे, हे वेगळं ठेवा, असा त्याचा गाभा. हा फरक मी रोज वापरते. हंडा, टँकर, विहीर, भेगाळलेली जमीन हे दिसतं. 'दुष्काळ' हे कशाविषयी. आणि दुसऱ्या प्रकारचा शब्द द्यायला पुरावा लागतो. तलावाच्या तळाला भेगा कुठल्याही मे महिन्यात पडतात. असा बिनतारखेचा फोटो 'संग्रहित छायाचित्र' म्हणून वर्षानुवर्षं छापला जातो आणि चांगल्या पावसाच्या सालातही दुष्काळ दाखवतो. आमच्याकडे 'दुष्काळ' हा टॅग तारीख आणि तालुका असल्याशिवाय देता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेली रेल्वे 'जलदूत' या नावाने लगेच सापडते, कारण तिथे साल, ठिकाण, घटना सगळं पक्कं आहे.

'गरिबी', 'असहाय', 'दुःख' हे शब्द मी यादीत ठेवले नाहीत. त्यावरून विभागात वाद झाला, अजूनही होतो. पुरवणीवाले म्हणतात, आम्ही तसंच शोधतो. माझं म्हणणं असं की ज्या माणसाचा फोटो आहे त्याला तो शब्द वाचून दाखवता आला पाहिजे. मोळी उचलणाऱ्या बाईला 'भरणी' म्हटलं तर ती म्हणेल, हो, भरणीच चाललीय. 'असहाय' म्हटलं तर ती काय म्हणेल? जातीचं नावही अंदाजाने द्यायचं नाही. समाजाने स्वतः त्या नावाने मेळावा घेतला असेल तर तो मेळाव्याचा टॅग. आणि काही फोटो सापडू नयेत यासाठीही शब्द लागतो. लैंगिक अत्याचाराच्या बातमीतल्या मुलाची ओळख उघड होईल असा फोटो २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे छापता येत नाही. त्याच्या घराचा, शाळेचा फोटोसुद्धा ओळख सांगतो. असे फोटो सर्वसाधारण शोधातून बाहेर काढून, कुलूप लावून वेगळे ठेवले आहेत.

आता प्रोग्राम स्वतःच शब्द सुचवतात. गर्दी, आकाश, नदी, बैल हे त्यांना बरं ओळखता येतं आणि मी ते घेते, वेळ वाचतो. जेजुरीच्या भंडाऱ्याला 'धूर' सुचवलं जातं, चुंबळीला 'टोपी'. चेहरे ओळखून गट करण्याची सोय मी फक्त सार्वजनिक जीवनातल्या माणसांसाठी चालू ठेवलीय. मोर्चातल्या एका अनोळखी चेहऱ्यावर टिचकी मारून त्याचे दहा वर्षांतले सगळे मोर्चे समोर यावेत, अशी सोय कुठल्याही वृत्तपत्राच्या डिस्कवर असू नये, असं मला ठामपणे वाटतं.

तरुण फोटोग्राफरांशी आमचं आता ठरलंय. फोटो डेस्कला व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून, कारण नेहमीसारखा पाठवला की आतली माहिती गळून जाते. आणि माणसाचा फोटो असेल तर त्याला विचारून नाव, गाव आणि तो करत असलेल्या कामाचं त्याच्या तोंडचं नाव आणायचं. कुणी नको म्हटलं तर 'नाव दिले नाही' असं लिहायचं, 'एक महिला' असं नाही. लिहायला वेळ नसतो म्हणून एकाने शक्कल काढली: तो फोटो काढून झाल्यावर फोनवर त्या माणसाचा आवाजच टिपतो. गेल्या हंगामात त्याने पाठवलेल्या एका नोंदीत एक बाई आपलं नाव सांगते, सासरचं गाव सांगते, माहेरचंही सांगते, मग विचारते, "पेपरात कवा येईल?" मागून कोयत्यांचा आवाज येत राहतो. ती नोंद फोटोच्याच नावाने, फोटोच्याच शेजारी ठेवली आहे, आणि यादीत आम्ही 'आवाज आहे' असा एक नवा टॅग घातला आहे.